कोल्हापूरचे काही दाखले

प्रत्येक शाळेच्या कपाटात कायम कुलपात राहणारी एक वस्तू असते. तिचे नाव जनरल रजिस्टर. शाळेत पहिलीला आलेल्या प्रत्येक मुलाचे नाव, बापाचे नाव, जन्मतारीख, जन्मगाव त्यात एकदा लिहिले जाते आणि मग आयुष्यभर तेच खरे मानले जाते. शाळा सोडल्याचा दाखला त्यावरून निघतो, दहावीचा फॉर्म त्यावरून भरला जातो आणि पुढची सगळी कागदपत्रे त्या दहावीच्या गुणपत्रिकेच्या बोटाला धरून चालतात. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते. हे रजिस्टर वर्षातून एकदा, जूनमध्ये, माझ्या हाती येते. नोकरी लागली तेव्हा मला ते एक कंटाळवाणे कारकुनी काम वाटत असे. आता तसे वाटत नाही. का, ते सांगण्यासाठीच हा लेख.

दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात आमची एक जुनी विद्यार्थिनी शाळेत आली. वडिलांचा फळांचा गाडा. मुलीने दहावीनंतर माध्यम बदलले, शिवाजी विद्यापीठाची विज्ञानाची पदवी चांगल्या गुणांनी घेतली आणि आयर्लंडमधल्या डब्लिन शहरात पुढचे शिक्षण घेण्यासाठी तिला प्रवेशही मिळाला. हातात प्लास्टिकची फाईल आणि चेहरा उतरलेला.

"आपा, रजिस्टरमध्ये माझं नाव काय लिहिलंय तेवढं बघून सांगा की."

मी बघितले. तिचे नाव समजा रजिया. उर्दूत 'ज़' या उच्चारासाठी चार अक्षरे आहेत. ज़ाल, ज़े, ज़ाद आणि ज़ोय. घरात, मोहल्ल्यात आणि उर्दूच्या वहीत तिचे नाव ज़ादने लिहिले जाते आणि त्यात कुणाचा घोळ होत नाही. पण देवनागरीत आले की त्याचा 'ज' होतो, कुणी 'झ' करतो. इंग्रजीत गेले की कुणी जे लावतो, कुणी झेड. शेवटी आय आणि ए, की मध्ये वाय, हा आणखी निराळा प्रश्न. तिच्या शाळेच्या दाखल्यात एक नाव होते, दहावीच्या प्रमाणपत्रात दुसरे, आधार कार्डावर तिसरे. पासपोर्ट आधारप्रमाणे निघालेला. वडिलांच्या नावातला 'मोहम्मद' एका ठिकाणी पूर्ण, एका ठिकाणी नुसती दोन अक्षरे आणि टिंब. आडनाव कुठे आधी, कुठे शेवटी. परदेशातल्या अधिकाऱ्याने ही फाईल उघडली तर त्याला एक मुलगी दिसणार नाही, तीन मुली दिसतील.

रजिस्टरमधले अक्षर माझे नव्हते. माझ्या आधीच्या कुणा शिक्षकाचे होते. पण माझ्या हातून असे झाले नसेल, असे मी छातीवर हात ठेवून सांगू शकले नाही.

त्या दिवशी आम्ही दोघींनी तिच्या फाईलमधले कागद टेबलावर मांडले. प्रवेशाचे पत्र. पदवीच्या प्रत्येक सत्राचे गुण. इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल. प्राध्यापकांची दोन शिफारसपत्रे. आपण हाच अभ्यासक्रम का निवडला, याचे तिने लिहिलेले दोन पानी निवेदन. फी भरल्याची पावती. सहा महिन्यांचे बँकेचे उतारे, कर्ज मंजूर झाल्याचे पत्र. बघता बघता माझ्या लक्षात आले की कागद कितीही असले तरी प्रश्न चारच आहेत. तू कोण? तू काय शिकलीस? तुझा खर्च कोण करणार? आणि तुझ्याविषयी खात्रीने सांगणारे कुणी आहे का?

फाईल आवरताना ती म्हणाली, "आपा, हे सगळं आपल्यासाठी नसतंच बहुतेक."

तिच्या या वाक्याने मला इतिहासाची पाने चाळायला लावली. 'आपल्यासाठी नसतंच' हे खरे आहे काय? या शहरातून यापूर्वी कुणी असे कागद जमवले होते काय, आणि जमवले तर कसे? वाचत गेले तेव्हा कळले की परदेशी शिक्षणाच्या कागदांचा कोल्हापूरशी फार जुना संबंध आहे. तो संबंध आपल्या समाजाने समजून घेण्यासारखा आहे, म्हणून येथे मांडते.

आधी एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. आज आपण ज्याला पासपोर्ट आणि व्हिसा म्हणतो, त्याची सक्ती फार जुनी नाही. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातून विलायतेला किंवा अमेरिकेला जाणाऱ्या विद्यार्थ्याला जहाजाचे तिकीट काढता आले की पुरेसे होत असे. पासपोर्टची सक्ती आली ती पहिल्या महायुद्धाच्या काळात आणि हिंदुस्थानात त्याचा कायदा झाला १९२० साली. मग त्या काळी जाणे सोपे होते काय? मुळीच नाही. सरकारी शिक्का लागत नव्हता, पण वरचे चार प्रश्न तेव्हाही होते. त्यांची उत्तरे छापील फॉर्मवर नव्हे, तर पत्रांतून द्यावी लागत. आणि पत्र लिहिण्यासाठी आधी कुणाची तरी ओळख असावी लागे.

यातले पहिले पत्र कोल्हापुरातून गेले. लिहिणारे होते गोपाळराव जोशी, टपाल खात्यातले एक कारकून. १८७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस त्यांची बदली कोल्हापूरला झाली होती. पत्नीला शिकवायचे हे त्यांचे वेड. पत्नीचे माहेरचे नाव यमुना, जन्म १८६५ चा. नवव्या वर्षी लग्न झाले आणि सासरी नाव झाले आनंदी. चौदाव्या वर्षी तिला मूल झाले आणि ते दहा दिवसांत गेले. औषधपाणी करणारी बाई जवळ असती तर कदाचित ते वाचले असते, ही सल तिच्या मनात राहिली.

कोल्हापुरात त्या वेळी अमेरिकन मिशन होते. ते स्थापन करणारे रॉयल वाइल्डर मायदेशी परतून प्रिन्स्टन येथून मिशनचे एक मासिक काढत होते. गोपाळरावांनी पत्र लिहून विचारले की माझ्या पत्नीला अमेरिकेत शिकायचे आहे, तिच्या शिक्षणाची आणि माझ्या नोकरीची तेथे काही सोय होईल काय. वाइल्डरसाहेबांनी मदत केली नाही. धर्म बदलण्याच्या अपेक्षेखेरीज त्यांच्याकडे फारसे काही नव्हते. पण त्यांनी तो पत्रव्यवहार मासिकात छापला. न्यू जर्सी प्रांतातल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर नावाच्या बाई दाताच्या दवाखान्यात आपला नंबर येण्याची वाट पाहत बसल्या होत्या. तिथे पडलेल्या मासिकात त्यांनी ते वाचले आणि १८८० मध्ये त्यांनी आपणहून आनंदीबाईंना पत्र लिहिले. त्या दोघींचा पत्रव्यवहार वाढत गेला. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या. 'तुझ्याविषयी सांगणारे कुणी आहे का' या प्रश्नाला अशा रीतीने उत्तर सापडले.

पुढे गोपाळरावांची बदली बंगालमध्ये श्रीरामपूरला झाली. तिथे फेब्रुवारी १८८३ मध्ये कॉलेजच्या सभागृहात आनंदीबाईंनी भाषण करून आपण अमेरिकेला का जातो हे सांगितले. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, असेही सांगितले. आजच्या विद्यार्थ्यांना अर्जासोबत जे 'उद्देशाचे निवेदन' लिहावे लागते, ते त्या अठरा वर्षांच्या मुलीने भरसभेत उभे राहून तोंडी दिले. खर्चासाठी अंगावरचे दागिने विकले. ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून जहाज निघाले. पती सोबत नव्हते. जूनमध्ये त्या न्यूयॉर्कला पोहोचल्या.

आता प्रवेशाचा अर्ज. फिलाडेल्फियाचे स्त्रियांचे वैद्यकीय महाविद्यालय १८५० साली निघालेले. आनंदीबाईंनी रोझेलहून तेथील आल्फ्रेड जोन्स यांना जे पत्र लिहिले, ते माझ्या मते प्रत्येक विद्यार्थ्याला सांगितले पाहिजे. त्यांच्याकडे दाखवायला परीक्षेचे प्रमाणपत्र नव्हते. वय कमी, शिक्षण घरातले. त्यांनी काहीही लपवले नाही. तुमच्या सर्व अटी मी पुऱ्या करू शकेन असे नाही, हे त्यांनी मोकळेपणाने कबूल केले, आपण किती लांबून आणि कोणत्या कामासाठी आलो ते सांगितले आणि हा प्रसंग वेगळा आहे असे समजून विचार करावा, अशी विनंती केली. कॉलेजने आणि त्याच्या डीन रेचेल बॉडली यांनी ती मान्य केली. ११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाई एम.डी. झाल्या.

त्या काळचे एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. १८८५ मध्ये काढलेले. त्यात तिघी आहेत. साडीत आनंदीबाई जोशी, किमोनोत जपानच्या केई ओकामी आणि तिसऱ्या दमास्कसहून आलेल्या इस्लामबुली. या तिसऱ्या बाईंचे पहिले नाव कुठे सबात लिहिलेले आढळते, कुठे तबात. आनंदीबाईंचे 'जोशी'सुद्धा अमेरिकेत शेवटी दोन ई लावून लिहिले गेले. ते छायाचित्र मी आमच्या विद्यार्थिनीला दाखवले. म्हटले, "बघ, हिच्या नावाचाही घोळ झालाय." ती पहिल्यांदा हसली.

आनंदीबाईंच्या कहाणीचा शेवट पुन्हा कोल्हापुरात येतो. त्या अमेरिकेत असतानाच कोल्हापूर संस्थानाने त्यांना नेमणुकीचे पत्र पाठवले. आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलमधला स्त्रियांचा विभाग त्यांनी सांभाळावा, असे ठरले. आज आपण ज्याला सीपीआर म्हणतो, तेच हे हॉस्पिटल. आपल्यापैकी किती जणांची बाळंतपणे तिथे झाली असतील! पण आनंदीबाई क्षयाने खंगून परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. बावीस वर्षेही पुरी नव्हती. नेमणुकीचा कागद राहिला, माणूस गेले.

ती जागा मात्र कोल्हापूरने रिकामी ठेवली नाही. शहरातल्या मुलींच्या शिक्षणाचे काम पाहणाऱ्या रखमाबाई केळवकर यांची कन्या कृष्णाबाई डॉक्टर झाल्या. छत्रपती शाहू महाराजांनी त्यांना प्रसूतिशास्त्राच्या पुढच्या शिक्षणासाठी विलायतेला पाठवले. कुठे? डब्लिनला! परत आल्यावर त्यांनी त्याच आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलमध्ये नोकरी केली. आनंदीबाईंना मिळालेली आणि करता न आलेली सेवा कृष्णाबाईंच्या हातून घडली. फळवाल्याच्या मुलीला डब्लिन परके वाटत होते. त्या शहराचा आणि कोल्हापूरचा शंभर वर्षांपूर्वीच असा संबंध आला होता, हे मलाही त्याआधी माहीत नव्हते.

शाहू महाराजांचे नाव आले की आपल्या लोकांना मुस्लिम बोर्डिंग आठवते, आणि ते योग्यच आहे. महाराजांनी प्रत्येक समाजाला बोर्डिंग काढायला लावले, जागा दिली, उत्पन्न दिले. मुसलमानांमध्ये पुढे येऊन संस्था काढणारे कुणी दिसेना, तेव्हा १९०६ मध्ये त्यांनी स्वतः शहरातल्या प्रमुख मुसलमानांना बोलावले, मोहमेडन एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि तिचे अध्यक्षपद स्वतःकडे घेतले. दसरा चौकातली बोर्डिंगची इमारत आजही येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसते. खेड्यातून आलेल्या मुलाला शहरात राहायला जागा नसेल तर तो शिकणार कसा, हा साधा हिशेब त्यामागे होता. परदेशी शिक्षणाची पहिली पायरी विमानतळावर नसते. ती अशा बोर्डिंगच्या खोलीत असते.

याच महाराजांचा संबंध आणखी एका मोठ्या विद्यार्थ्याच्या कागदांशी आला. तो विद्यार्थी म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर.

बाबासाहेबांचे परदेशी शिक्षण सुरू झाले ते बडोदे संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर. दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे. ४ जून १९१३ रोजी त्यांनी करारावर सही केली. शिक्षण संपल्यावर दहा वर्षे बडोद्याची नोकरी करायची, ही अट. 'खर्च कोण करणार' आणि 'परत येणार का' या दोन्ही प्रश्नांची उत्तरे त्या एका कागदात होती. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात त्यांनी अभ्यास केला, १९१५ मध्ये एम.ए. झाले. पुढच्या वर्षी लंडनला आले, तेव्हा कोलंबियाचे प्रा. सेलिग्मन यांनी तिथल्या विद्वानांना त्यांच्याविषयी पत्र दिले होते. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये नाव घातले, बॅरिस्टरीसाठी ग्रेज इनमध्ये नाव घातले. आणि १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली! अभ्यास अर्धा. परतावे लागले. जाण्यापूर्वी त्यांनी एक शहाणपणाची गोष्ट केली. चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी विद्यापीठाकडून मिळवून ठेवली. हा कागद नसता तर पुढचा इतिहास कदाचित वेगळा झाला असता. त्यांची पुस्तके ज्या जहाजातून येत होती ते युद्धात बुडाले, बडोद्यात राहायला घर मिळाले नाही, जिथे राहिले तिथून हाकलले गेले. पण ती परवानगी कायम होती.

मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून त्यांनी पैसे साठवले. याच काळात शाहू महाराजांशी त्यांचा स्नेह जुळला. 'मूकनायक'ला महाराजांनी अडीच हजार रुपयांची मदत केली. मार्च १९२० मध्ये कोल्हापूर संस्थानातल्या माणगाव येथे परिषद झाली, तिचे अध्यक्ष बाबासाहेब होते आणि महाराजांनी तिथे जाऊन, तुम्हाला तुमचा पुढारी मिळाला आहे, अशा अर्थाचे भाषण केले. त्याच वर्षीच्या जुलैत बाबासाहेब पुन्हा लंडनला निघाले. स्वतःची शिल्लक, नवल भथेना या पारशी मित्राकडून घेतलेले पाच हजारांचे कर्ज आणि शाहू महाराजांची मदत, असा तो जुळवलेला खर्च होता. लंडनमध्येही पैसे पुरेनात. सप्टेंबर १९२१ मध्ये त्यांनी महाराजांना पत्र लिहून दोनशे पौंड उसने मागितले. इतक्या मोठ्या विद्वानाला असे पत्र लिहावे लागले, हे वाचताना माझा घसा दाटून आला. पुढच्या वर्षी, ६ मे १९२२ रोजी, महाराजच गेले. बाबासाहेबांनी मात्र अभ्यास सोडला नाही. १९२३ मध्ये 'रुपयाचा प्रश्न' या प्रबंधावर त्यांना लंडन विद्यापीठाची डी.एस्सी. मिळाली. तीही पहिल्या फेरीत नव्हे. परीक्षकांच्या आक्षेपानंतर प्रबंध सुधारून पुन्हा द्यावा लागला होता.

आता वाचक विचारतील, यात आपले कोण? प्रश्न रास्त आहे. मुंबई इलाख्यातले मुसलमान विद्यार्थी परदेशी गेलेच नाहीत असे नाही. बद्रुद्दीन तय्यबजी १८६० मध्ये, सोळाव्या वर्षी इंग्लंडला गेले आणि १८६७ मध्ये बॅरिस्टर होऊन आले. पुढे ते मुंबई हायकोर्टाचे न्यायाधीश झाले, काँग्रेसच्या मद्रास अधिवेशनाचे अध्यक्ष झाले. त्याच कुळातल्या अतिया फैजी. त्यांची बहीण नाझली बेगम कोकणातल्या जंजिरा संस्थानाची राणी. अतिया १९०६ मध्ये सरकारी शिष्यवृत्ती घेऊन लंडनला गेल्या. कशासाठी? शिक्षिका होण्यासाठी! मारिया ग्रे ट्रेनिंग कॉलेजात त्यांनी नाव घातले. म्हणजे आज आम्ही जे बी.एड. करतो, तेच शिक्षण घ्यायला एक मुसलमान बाई सव्वाशे वर्षांपूर्वी समुद्र ओलांडून गेली. तिथली रोजनिशी त्या लाहोरच्या 'तहजीब-ए-निस्वाँ' या स्त्रियांच्या उर्दू पत्राला पाठवत. पुढे १९२१ मध्ये ती 'जमाना-ए-तहसील' या नावाने पुस्तकरूपाने आली. प्रकृतीमुळे त्यांना अभ्यासक्रम अर्धा सोडून १९०७ मध्ये परतावे लागले. पदविका हाती आली नाही. पण घरबसल्या वाचणाऱ्या कितीतरी मुलींना त्या रोजनिशीने सांगितले की बाईमाणूस तिथपर्यंत जाऊ शकते.

ही नावे अभिमानाची आहेत. पण नुसता अभिमान बाळगून भागणार नाही. तय्यबजी आणि फैजी ही व्यापारातून वर आलेली, पिढ्यान्‌पिढ्या शिकलेली घराणी होती. त्यांच्या घरात पत्र लिहिणारे होते, ज्याला लिहायचे तो ओळखीचा होता आणि तिकिटाचे पैसे होते. कोल्हापूर, कागल, गडहिंग्लजच्या मोमीन, बागवान, नदाफ, शिकलगार घरातल्या मुलाकडे यातले काहीच नव्हते. बोर्डिंगमुळे तो शाळेपर्यंत आला. त्याच्यापुढची शिडी कुणी लावायची, हा प्रश्न तसाच राहिला.

आनंदीबाई आणि बाबासाहेब, दोघांच्याही घरी पैसा नव्हता. दोघांनाही आपापल्या परीने समाजाचा विरोध सोसावा लागला. पण दोघांच्याही बाबतीत कुणीतरी त्यांच्यासाठी कागद लिहिला. एका टपाल कारकुनाने अनोळखी माणसाला पत्र लिहिले. एका परक्या बाईने त्याला उत्तर दिले. एका प्राध्यापकाने दुसऱ्या प्राध्यापकाला ओळख करून दिली. एका राजाने आपली तिजोरी उघडली. हुशारी ही ज्याची त्याची. पण हुशारीची साक्ष मात्र दुसऱ्यालाच द्यावी लागते. आपल्या समाजात हुशार मुलांची वाण नाही. साक्ष देणाऱ्यांची आहे. आम्हा शिक्षकांना हे ऐकायला कडू लागेल, पण त्यात पहिला नंबर आमचा आहे.

आज परिस्थिती कितीतरी बदलली आहे. पूर्वी कोल्हापूरच्या माणसाला पासपोर्टसाठी पुण्याच्या वाऱ्या कराव्या लागत. २०१७ पासून देशभर टपाल कार्यालयांतून पासपोर्ट सेवा केंद्रे सुरू झाली आणि कोल्हापुरातही ती सोय आली. ज्या टपाल खात्याच्या कारकुनाने पहिले पत्र लिहिले, त्याच खात्याच्या इमारतीत आज पासपोर्टचे कागद तपासले जातात, हा योगायोग मला गमतीचा वाटतो. राज्य सरकारची अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी परदेशी शिक्षणाची शिष्यवृत्ती आहे आणि तिला राजर्षी शाहू महाराजांचेच नाव आहे. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांना परदेशी शिक्षणाच्या कर्जावरील व्याजात सवलत देणारी केंद्राची 'पढो परदेस' योजना २०१३-१४ मध्ये आली होती, ती २०२२ मध्ये बंद झाली. ती चालू असताना आपल्यापैकी किती पालकांनी तिची चौकशी केली होती, हे स्वतःलाच विचारावे. कर्ज म्हटले की आपल्या घरात व्याजाचा प्रश्न येतो. तो ज्याने त्याने आपल्या आलिमांना विचारून सोडवावा. पण प्रश्न आहे म्हणून मुलीची फाईल बंद करून ठेवू नये. शादीच्या हॉलसाठी घेतलेल्या उधारीबद्दल असा प्रश्न आपण फारसा विचारत नाही.

आमच्या विद्यार्थिनीचे काय झाले, ते सांगायला हवे. नाव दुरुस्त करायला शाळेचा ठराव लागला, रजिस्टरचा साक्षांकित उतारा लागला, नोटरीसमोर प्रतिज्ञापत्र झाले, राजपत्रात नाव प्रसिद्ध करावे लागले. एका कार्यालयात तिला तीनदा परत पाठवले गेले, प्रत्येक वेळी निराळ्या कागदासाठी. तिचे वडील गाडा दुसऱ्याच्या भरवशावर टाकून तिच्याबरोबर रांगेत उभे राहत. हे सारे होईपर्यंत सप्टेंबर उलटला. प्रवेशाची मुदत गेली. एका अक्षराने तिचे एक वर्ष खाल्ले. बाबासाहेबांच्या त्या चार वर्षांच्या परवानगीची गोष्ट मी तिला सांगितली होती. तिने कॉलेजला सविस्तर पत्र लिहिले, सगळी अडचण न लपवता सांगितली आणि प्रवेश पुढच्या वर्षासाठी राखून मागितला. तो मिळाला. मधल्या वर्षात तिने शिकवण्या घेतल्या. गेल्या वर्षी ती गेली. जाताना शाळेत आली आणि पासपोर्ट उघडून स्वतःचे नाव मला मोठ्याने वाचून दाखवले.

यंदाच्या जूनमध्ये रजिस्टर पुन्हा माझ्यापुढे आले. आता माझी एक पद्धत ठरली आहे. नवीन मुलाचे नाव लिहिण्यापूर्वी मी जन्माचा दाखला मागते, आईवडिलांचे आधार मागते, उर्दू, मराठी आणि इंग्रजी अशी तिन्ही नावे एका कोऱ्या कागदावर लिहून त्यांच्यापुढे ठेवते आणि वाचून सही करायला सांगते. रांग लांबते. लोक कुरकुरतात. परवा एका सेंट्रिंगवाल्या बापाने हात जोडले.

"आपा, तुम्हीच लिवा की काय ते. तुमाला कळतंय. पोरगी कुठं विलायतेला जाणाराय?"

मी पेन खाली ठेवले. त्याच्या मांडीवरच्या पोरीकडे बघितले. पाच-साडेपाच वर्षांची, दोन वेण्या, नजर माझ्या टेबलावरच्या शिक्क्यावर.

"जाईल की भाई," मी म्हटले. "जाणार असं धरूनच लिहायचं."

त्याने कागद जवळ ओढला आणि एकेक अक्षर बोटाने दाबत वाचायला लागला.